मराठी आली ती मागच्या दाराने

२०११ साली मी आठवीत होतो. मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या नव्या अँड्रॉइड फोनवर एका मराठी वर्तमानपत्राची साइट उघडली, तर अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन. "नवा फोन बिघडवलास व्हय रं?" मामा म्हणाला. फोन बिघडला नव्हता, त्यात देवनागरीचा फॉंटच नव्हता. स्टँडवरच्या मोबाइल दुकानदाराने उपाय सांगितला. ऑपेरा मिनी हा ब्राउझर टाकायचा, त्याच्या छुप्या सेटिंगमध्ये जायचं आणि बिटमॅप फॉंट वापरण्याचा पर्याय चालू करायचा. मग ऑपेराचा सर्व्हर मराठी मजकुराचं चित्र बनवून पाठवायचा आणि मामाला बाजारभाव वाचता यायचे.

पुढे इंजिनिअरिंग केलं, ॲप लिहिण्याच्या नोकरीला लागलो, तेव्हा त्या युक्तीचा अर्थ उमगला. फोन बनवणाऱ्याने किंवा त्याची प्रणाली लिहिणाऱ्याने आमची अडचण सोडवली नव्हती. ती सोडवली तिसऱ्याच कुणीतरी, कारण त्या तिसऱ्याला फोनमध्ये शिरायला दार होतं. हा लेख त्या दाराविषयी आहे.

दार बंद करायला आयफोनने सुरुवात केली असा आपला समज असतो. तो पुरता खरा नाही. नोकियाच्या जुन्या जावा फोनवर कुणीही लिहिलेला गेम ब्लूटूथने घेता यायचा. तो इंटरनेटला जोडायला गेला की फोन परवानगी मागायचा, एवढंच. पण २००६च्या सुमारास आलेल्या सिंबियनच्या नव्या आवृत्तीत प्रत्येक ॲपवर डिजिटल सही बंधनकारक झाली. स्वतःची सही चालायची, मात्र फोनच्या महत्त्वाच्या भागांना हात लावायचा तर अधिकृत सही मिळवावी लागे.

२००७चा पहिला आयफोन आला तेव्हा त्यावर बाहेरच्यांची ॲप चालतच नव्हती. वेबसाइट बनवा, तेच तुमचं ॲप, असं स्टीव्ह जॉब्ज यांनी डेव्हलपरांना सांगितलं. वर्षभरात धोरण बदललं. १० जुलै २००८ला सुमारे ५०० ॲप घेऊन ॲप स्टोअर उघडलं. वर्षाला ९९ डॉलर फी, विक्रीत ३० टक्के वाटा आणि प्रत्येक ॲपला ॲपलची मंजुरी. घरी बसून एकट्याने लिहिलेलं ॲप जगभर विकता येणं ही तेव्हा मोठीच गोष्ट होती, हे नाकारता येणार नाही. पण फोनवर आत यायची वाट एकच उरली आणि तिच्यावर पहारेकरीही एकच.

त्याच वर्षी आलेल्या अँड्रॉइडमध्येही दुकान होतं. शिवाय सेटिंगमध्ये एक छोटी चौकट होती: ‘अज्ञात स्रोत’. तिच्यावर टिचकी मारली की कुठूनही आणलेलं ॲप चालायचं. हे मागचं दार.

दोन्ही धोरणांतला फरक मराठी माणसाला कळला तो कीबोर्डवर. अँड्रॉइडच्या १.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २००९पासून, मूळ कीबोर्ड काढून दुसऱ्या कुणाचाही बसवता येऊ लागला. आयफोनने ती मुभा दिली सप्टेंबर २०१४मध्ये, आयओएस ८ आल्यावर. मधल्या पाच वर्षांत अँड्रॉइडवर भारतीय भाषांचे कितीतरी कीबोर्ड आले. २०१३मध्ये आयआयटी मुंबईच्या आयडीसीने ‘स्वरचक्र’ आणला. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चक्र उमटायचं. इंग्रजी कीबोर्डची ओळख नसलेल्या, पण बाराखडी पाठ असलेल्या माणसासाठी केलेली ती रचना होती. माझ्या आईने पहिला मराठी मेसेज त्यावर लिहिला. केरळच्या ‘स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग’च्या मुक्त-स्रोत ‘इंडिक कीबोर्ड’मध्ये मराठीही होती. मोठ्या कंपनीच्या यादीत आपल्या भाषेचा नंबर लागेपर्यंत हे लोक थांबले नाहीत, आणि थांबायची सक्तीही नव्हती.

त्याच बळावर २०२०च्या टाळेबंदीत मी मामाच्या दूध संकलन केंद्रासाठी ॲप लिहिलं. लिटर, फॅट, एसएनएफ भरायचं, दर आपोआप निघायचा आणि उत्पादकाला मराठीत पावती जायची. ते नऊ फोनवर होतं. दुकानात कधी गेलंच नाही, फाइल मी व्हॉट्सॲपवर पाठवायचो. फोन दर वेळी धोक्याचा इशारा द्यायचा. मी मामाला सांगून ठेवलं होतं, "ते काहीही विचारू दे मामा, तुम्ही ‘हो’ म्हणा."

गेल्या वर्षी मामाला अनोळखी नंबरवरून लग्नपत्रिका आली. पत्रिका कसली, एपीके फाइल. फोनने इशारा दिला, मामाने ‘हो’ म्हटलं. ओटीपी परस्पर वाचले गेले आणि खात्यातून १८ हजार गेले. मामा मला एका शब्दाने बोलला नाही. पण ‘हो’ म्हणायला कुणी शिकवलं होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

म्हणूनच गुगल दार लोटून घेत आहे ते निव्वळ नफ्यासाठी, असं मला म्हणवत नाही. २०१७मध्ये त्या एका चौकटीच्या जागी प्रत्येक ॲपसाठी वेगळी परवानगी आली. २०१८मध्ये प्ले स्टोअरने एसएमएस आणि कॉलची नोंद वाचण्यावर निर्बंध जाहीर केले. नोव्हेंबर २०२३नंतर नवं वैयक्तिक खातं काढणाऱ्याला २० जणांकडून चौदा दिवस चाचणी करून घेणं भाग पडलं. पुढे ही संख्या १२वर आली. आणि ऑगस्ट २०२५मध्ये घोषणा झाली की दुकानाबाहेरच्या ॲपच्या डेव्हलपरलाही गुगलकडे ओळख पटवावी लागेल. सप्टेंबर २०२६पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि २०२७पासून इतरत्र. मुक्त ॲपचं भांडार चालवणाऱ्या एफ-ड्रॉइडने कडाडून विरोध केला. नोव्हेंबरात गुगलने जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवण्याचं कबूल केलं.

आपल्याकडेही या दाराचा निवाडा एकदा झाला आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि दुकानाबाहेरून ॲप देण्यावर बंधनं घालू नका असंही बजावलं. मार्च २०२३मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण हा आदेश मात्र रद्द केला. दंडाची बातमी सगळीकडे झळकली, रद्द झालेल्या आदेशाची फारशी चर्चा झाली नाही.

मामाचे पैसे गेले म्हणून दार भिंत घालून बुजवावं, असं मला वाटत नाही. कुलूप हवं, पण किल्ली घरमालकाकडे हवी. ॲप लिहिणाऱ्याचं ओळखपत्र तपासलं म्हणजे ॲप तपासलं असं होत नाही. आणि ज्याच्याकडे नावांची यादी, त्याच्याच हाती नाव खोडायचं रबर. उद्या एखाद्या बोलीचा, आपण नावही न ऐकलेल्या लिपीचा कीबोर्ड कुणी पोरगा लिहील, तेव्हा त्याने आधी कुणाच्या परवानगीची वाट पाहायची?

मी माझं ॲप अजून चालवतो. आता फाइल पाठवत नाही, रविवारी स्वतः जातो, समोर बसून टाकतो आणि प्रत्येक इशारा मामाला मराठीत वाचून दाखवतो. परवा ‘हो’ म्हणण्याआधी मामाने विचारलं, "हे नक्की तूच लिवलंयस ना?"