आम्ही ग्राहक नाही म्हणे

शेततळ्यातल्या माशांसाठी सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. दिवसा पाण्यातलं शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं. रात्री ते काम थांबतं, पण मासे, शेवाळ आणि तळाचा गाळ तो वापरत राहतात. उजाडायच्या आधी पाण्यात तो सर्वांत कमी उरतो. मग रोहू-कटला वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतात. त्या वेळी पाण्यावर तरंगणारं, चाकांनी पाणी उडवणारं एरेटर चालू असावं लागतं. आमचं पाचव्या रात्री बंद पडलं. सकाळी अण्णांनी तळ्यातून दोन घमेली मासे काढले.

सांगोल्याकडचं आमचं तळं खोदलं डाळिंबासाठी, मासे नंतर आले. एरेटर मीच पुण्यात बसून मोबाइलवरून मागवलं होतं. किंमत 32,000 रुपये, बिल अण्णांच्या नावावर. तालुक्याच्या वायंडिंगवाल्यानं मोटर उघडली, तर सीलमधून पाणी आत शिरलेलं. विक्रेता आधी म्हणाला, तुमच्याकडचं व्होल्टेज खराब असेल. मी फोटो पाठवले. आठ दिवस शांतता. मग एक ओळ आली: यंत्र धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही, पैसे परत मिळणार नाहीत.

अण्णा म्हणाले, "जाऊ दे. पुढच्या वेळी बघून घेऊ."

इंग्रजी कायद्यात शतकानुशतकं हाच नियम होता: घेणाऱ्यानं बघून घ्यावं. माल नीट तपासला नाही तर चूक घेणाऱ्याची. हे ऐकून वाटतं की पैसे परत मागणं हे आपलं ऑनलाइन खरेदीच्या जमान्यातलं खूळ असावं. पण तक्रार फार जुनी आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये इसवी सनापूर्वी 1750च्या सुमाराची मातीची एक पाटी आहे. ऊर शहरातल्या एआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याला नान्नी नावाच्या गिऱ्हाइकानं ती लिहिली. तांबं हलकं दिलंस, माझ्या माणसाला तुच्छतेनं वागवलंस, असा तिचा मजकूर. इंटरनेटवर तिचे मीम फिरतात. मला त्यात मालाइतकीच वागणुकीची तक्रार महत्त्वाची वाटते. फोन न उचलणाऱ्या विक्रेत्याचा राग पावणेचार हजार वर्षं जुना आहे.

आपल्याकडे तर याचे रीतसर नियम होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात केलेला सौदा मोडण्याच्या मुदती दिल्या आहेत. त्याला शब्द आहे 'अनुशय', म्हणजे पश्चात्ताप. व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुरं राखणाऱ्याला पाच. विकलेला माल दिला नाही तर बारा पण दंड, पण मालातच दोष असेल तर तो माफ. याज्ञवल्क्य स्मृतीत वस्तू पारखून बघण्याचे दिवस मोजून दिलेत: बियाण्याला दहा, ओझ्याच्या जनावराला पाच, दुभत्या जनावराला तीन, लोखंडाला एक. त्याच यादीत दासदासींची मुदतही आहे, म्हणजे तो काळ डोक्यावर घेऊन नाचावा असा नव्हता. तरी एक गोष्ट त्या लोकांना कळली होती. प्रत्येक वस्तूचा दोष उघड व्हायला वेगळा वेळ लागतो आणि तेवढा वेळ घेणाऱ्याला मिळायला हवा.

1930च्या आपल्या वस्तुविक्री कायद्यानंही 'बघून घ्या'ला अपवाद ठेवले. कशासाठी हवंय हे सांगून, विक्रेत्याच्या माहितीवर विसंबून माल घेतला, तर तो त्या कामाला योग्य असलाच पाहिजे. पण हा हक्क बजावायला दिवाणी कोर्टाची पायरी चढायची, वकील लावायचा, वर्षं घालवायची. 32,000 रुपयांसाठी ते कोण करणार?

ही अडचण ओळखणाऱ्यांत महाराष्ट्रातली माणसं पुढे होती. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पाठोपाठ 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत आली. शेजारपाजारच्या घरांनी एकत्र येऊन महिन्याचा किराणा थेट मागवायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत. देशभरच्या अशा कामाच्या रेट्यानंतर 24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. साध्या अर्जावर, वकिलाशिवाय दाद मागता येऊ लागली.

पण त्या कायद्यात एक फट होती. 'व्यापारी हेतूनं' वस्तू घेणारा ग्राहक नाही. आमच्या विक्रेत्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. मग शिलाई मशीन घेणारी बाई कोण? स्वतःची रिक्षा चालवणारा कोण? 1993 साली स्पष्टीकरण जोडलं गेलं: केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली आणि ती स्वतः वापरली, तर तो व्यापारी हेतू नाही.

1995 साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यांचं मोठं यंत्र उशिरा आणि सदोष आलं होतं. महाराष्ट्र राज्य आयोगानं भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगानं ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आयोगाचं म्हणणं कायम ठेवलं, कारण ती खरेदी व्यापारी हेतूची होती. पण त्याच निकालात न्यायालयानं रेषाही आखली: स्वतः राबून पोट भरणारा माणूस ग्राहकच. पुढे 2012 साली आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या सदोष बियाण्यांच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं की बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे.

हे सगळं मी अण्णांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपला माल बाजारात न्यावा तर डागी म्हणून एका मिनटात बाजूला काढतात. कडता कापतात. तिथं कुणी विचारत नाही, आम्ही कोण. आपण घेतलेला डागी निघाला की मात्र आपण कोण, ते विचारतात."

एवढ्या वाचनात मला हे कुठं सापडलं नव्हतं. विकताना ज्याला कुणी मुदत देत नाही, त्याला घेतानाही मिळत नव्हती.

2020च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पूर्वीसारखं विक्रेत्याच्या गावाला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. आम्ही आधी रजिस्टर पोस्टानं नोटीस धाडली. बिल, वायंडिंगवाल्याचा लेखी अभिप्राय, बंद पडल्याची तारीख, सगळं जोडलं. 'स्वतःच्या कष्टानं उपजीविकेसाठी' हे शब्द अण्णांनी आपल्या हातानं लिहिले. उत्तर आलं नाही, तेव्हा सोलापूरच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार ऑनलाइन दाखल केली.

पहिल्या तारखेच्या आधी विक्रेत्याचा फोन आला, थेट अण्णांना. या वेळी तो 'साहेब' म्हणत होता. 32,000 परत देतो, माशांचं मात्र काही नाही. मला लढायचं होतं. अण्णांनी विचार करून हो म्हटलं, कारण पावसाळ्याआधी दुसरं एरेटर घ्यायचं होतं. माशांचे पैसे बुडाले ते बुडालेच.

नवं यंत्र तालुक्यातल्या दुकानातून आणलं. अण्णांनी दुकानदाराकडून बिलावर लिहून घेतलं: मत्स्यतळ्यासाठी, दोष निघाल्यास परत. मग बॅटरी आणि घोंगडी घेऊन ते बांधावर जाऊन बसले. एक रात्र झाली, दुसरी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, "चालतंय. तुझ्या त्या कौटिल्याला सांग."