पुण्यात सायकलने शाळा-कॉलेजला : पालक विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं

दहावीच्या सुट्टीत किंवा आठवी-नववीचं वर्ष सुरू होताना पालक सभेत एक विषय हमखास निघतो. रिक्षावाल्याने महिन्याचे पैसे वाढवले, बस वेळेवर येत नाही, अब्बांची ड्युटी सकाळी सातची, मग मुलाला किंवा मुलीला सायकल द्यावी का? आणि दिली तर कोंढवा, हडपसर, कॅम्प, घोरपडीच्या या गर्दीतून ते मूल सुखरूप जाईल का? याबद्दल पालक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणं पुण्याची आहेत, पण मुंब्रा, भिवंडी किंवा औरंगाबादच्या वाचकांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

किती वयाला, किती अंतर?

गल्लीत सायकल चालवता येणं आणि रस्त्यावर चालवता येणं यात फार फरक आहे. लहान मुलाला समोरून येणारी गाडी दिसते, पण ती किती वेगात येतेय याचा अंदाज त्याला येत नाही. म्हणून माझ्या मते मोठ्या रस्त्यावर एकट्याने जायला पाचवी-सहावीपर्यंत परवानगी देऊ नये. सातवीपासून, आणि तेही आधी आठ-दहा दिवस घरातल्या मोठ्या माणसाने सोबत जाऊन. भावाने, मामाने, कोणीही. सोबत जायचं म्हणजे स्कूटरवर मागे मागे जायचं नाही. आपणही सायकलवर जायचं. स्कूटरवरून खड्डा, जाळी, बसचा धक्का यातलं काहीच कळत नाही.

अंतराचं म्हणाल तर शहरात सायकलचा वेग ताशी बारा ते पंधरा किलोमीटर पडतो. म्हणजे पाच किलोमीटरला वीस-पंचवीस मिनिटं. कोंढव्यातून आझम कॅम्पस साधारण एवढंच आहे. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. फक्त एक लक्षात ठेवा : लुल्लानगरकडून गोळीबार मैदानाकडे जाताना उतार आहे, परत येताना तोच चढ. मूल सकाळी ताजं असतं, दुपारी दप्तर घेऊन उन्हात चढ चढायचा असतो. मार्ग ठरवताना परतीचा विचार आधी करावा. चढावर सायकल हातात धरून चालण्यात काही कमीपणा नाही, हेही मुलांना सांगावं लागतं, कारण मित्र हसतात.

सायकल की ॲक्टिव्हा?

हा प्रश्न थेट कोणी विचारत नाही, पण मनात असतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात घरची स्कूटर देणं आपल्या मोहल्ल्यांत अगदी सर्रास झालं आहे. 2019 साली मोटार वाहन कायद्यात बदल होऊन कलम 199-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. ज्या मुलाला पुढे डिलिव्हरीचं, ड्रायव्हरचं किंवा सेल्सचं काम करायचं असेल त्याच्या रोजी-रोटीचा हा प्रश्न आहे. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले, ते प्रकरण सगळ्यांनी वाचलं. मोठ्या घरची महागडी गाडी होती म्हणून देशभर गाजलं. कायदा ॲक्टिव्हालाही तोच आहे.

सायकलला लायसन्स नाही, नोंदणी नाही, विमा सक्तीचा नाही. (आजोबांच्या काळी सायकललाही नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, आणि रात्री दिवा नसला किंवा डबल सीट असली तर हवालदार पकडायचा. घरातल्या बुजुर्गांना विचारा, एखादा किस्सा निघेलच.) ताशी 25 किलोमीटरपेक्षा जास्त न पळणाऱ्या आणि 250 वॅटपर्यंतच्या मोटरच्या इलेक्ट्रिक सायकली-स्कूटरलाही लायसन्स लागत नाही. पण दुकानदार सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका. वेग वाढवून दिलेली गाडी कायद्याने मोटार वाहनच ठरते. कागदावर वॅट आणि वेग पाहूनच घ्या.

कोणती सायकल घ्यावी?

जाड टायरची, पुढे-मागे शॉकअप असलेली, दिसायला मोटरसायकलसारखी सायकल मुलांना हवी असते. ती जड असते, पायडल मारायला जास्त जोर लागतो, आणि स्वस्तातले गिअर सहा महिन्यांत कुरकुरायला लागतात. रोज शाळेला जायचं तर साधी, बिनगिअरची किंवा थोडे गिअर असलेली, मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड आणि कॅरिअर असलेली सायकल बरी. साधी सायकल पाच ते आठ हजारांच्या आसपास मिळते. नाना पेठ, क्वार्टर गेटच्या बाजूला दोन-चार दुकानं फिरून भाव करावा.

"पुढच्या वर्षी मोठा होईल" म्हणून मोठी सायकल घेऊ नका. कपडे मोठे चालतात, सायकल नाही. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. उंची तपासायची सोपी रीत अशी : पायडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा हलका वाकलेला राहतो आणि गुडघे दुखत नाहीत. नवीन शिकणाऱ्याची सीट मात्र थोडी खालीच ठेवा.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, पण बिल नसलेली सायकल स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. चोरीची निघाली तर पोलिसांचे खेटे आपल्याला. फ्रेमचा नंबर बहुतेक सायकलींना पायडलच्या दांड्याखाली, म्हणजे सायकल उलटी केल्यावर दिसेल असा, कोरलेला असतो. त्याचा आणि बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आपली चोरीला गेली तर तक्रार देताना हाच नंबर उपयोगी पडतो. शंभर रुपयांची वायरची साखळी पक्कडने तुटते. लोखंडी जाड लॉक घ्या आणि नुसतं चाक न बांधता फ्रेमसकट खांबाला बांधा.

मुली, बुरखा, ओढणी

मुलीने सायकल चालवण्यावर कोणाकोणाच्या घरात अजून चर्चा होते. त्या चर्चेत इथे शिरत नाही. एवढंच सांगतो की राज्यातल्या मागास तालुक्यांत सरकार मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घ्यायला पैसे देतं, ते अंतरामुळे मुलींची शाळा सुटू नये म्हणूनच. शहरातही मुलीची शाळा आठवीनंतर सुटण्याची कारणं पाहिली तर "नेणार-आणणार कोण?" हे फार वेळा ऐकू येतं.

अडचण कपड्यांची असते आणि ती सोडवता येते. ओढणी, बुरख्याचा घेर किंवा सलवारचा पायचा दोन ठिकाणी अडकतो : चेनमध्ये आणि मागच्या चाकाच्या तारांमध्ये. म्हणून दुकानातून पूर्ण झाकलेलं चेनकव्हर आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घ्या. फार खर्च नाही. मधला दांडा खाली वाकलेली लेडीज फ्रेम घ्यावी. बुरखा पुढून उघडणारा आणि घेराला कमी असावा. ओढणी किंवा स्कार्फचं टोक पिनने आत बसवावं, गळ्याभोवती लोंबतं ठेवू नये. उजव्या पायचाला रबर लावायची जुनी पद्धत आजही चालते. नकाब असेल तर तो बाजूला पाहताना डोळ्यांवर सरकत नाही ना, हे घरीच मान वळवून तपासावं. मागे वळून पाहणं हा सायकलस्वाराचा आरसा आहे.

रस्त्यावर नक्की कुठून चालवायची?

डावीकडून, हे सगळ्यांना माहीत आहे. पण अगदी कडेला, गटाराच्या दगडाला चिकटून नाही. तिथे वाळू, काचा, गटाराच्या जाळ्या असतात, आणि उभ्या गजांच्या जाळीत बारीक टायर सरळ आत जातो. शिवाय आपण जितके कडेला जातो तितका मागचा रिक्षावाला घुसायला जागा शोधतो. कडेपासून हातभर अंतर ठेवून सरळ रेषेत चालवावी. पार्क केलेल्या गाड्यांपासून दार उघडेल एवढं अंतर हवंच. कारचं दार अचानक उघडणं हे शहरात पडण्याचं मोठं कारण आहे.

सर्वांत जास्त भीती बस, टँकर आणि डंपरची बाळगावी, आणि ती मुलांच्या मनात घालावी. वळणाऱ्या मोठ्या गाडीच्या डाव्या बाजूला कधीही शिरू नये. ड्रायव्हरला तिथली सायकल दिसतच नाही, आणि वळताना गाडीची मागची चाकं आतल्या बाजूला येतात. सिग्नलला बसच्या डावीकडून पुढे जायची घाई करण्यापेक्षा मागे थांबावं. मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर उतरून झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल हातात धरून दोन टप्प्यांत ओलांडावं. लांब पडतं, पण मूल घरी येतं. विरुद्ध दिशेने, "एवढंच तर अंतर आहे" म्हणून, अजिबात नाही. कानात इअरफोन नको.

सायकल ट्रॅक? कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर 2006 मध्ये बीआरटी आली तेव्हा शेजारी सायकल ट्रॅकही झाले. 2017 मध्ये महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात ट्रॅक मधेच संपतो, त्यावर टपरी, पार्किंग, डीपी बॉक्स. जिथे मोकळा आहे तिथे वापरा, पण ट्रॅकवरून रस्त्यावर उतरायची जागा आधी पाहून ठेवा, कारण अपघाताची भीती तिथेच जास्त. मोठ्या रस्त्याला समांतर अशी आतली गल्ली असेल तर दोन-तीन मिनिटं जास्त घालवून तीच धरावी.

पाऊस, अंधार, मांजा

पावसात रिम ओली झाली की रबरी ब्रेक उशिरा लागतात. उताराला आधीपासून हलका ब्रेक दाबत यावं, दोन्ही एकत्र. पाणी साचलेल्या ठिकाणी खाली काय आहे दिसत नाही, तिथून उतरून जावं. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं ओली असताना त्यावर वळू नये. पाऊस संपला की चेन फडक्याने पुसून दोन थेंब तेल.

संध्याकाळच्या क्लासवरून किंवा रमजानमध्ये तरावीहवरून परतणाऱ्या मुलांना मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा हवाच. दोन्ही मिळून तीन-चारशे रुपयांत येतात. काळ्या कपड्यांत दिव्याशिवाय सायकलस्वार दिसत नाही. इफ्तारच्या आधीचा अर्धा तास रस्त्यावर सगळे घाईत असतात. त्या वेळी मुलाला सामान आणायला सायकलवर पाठवू नये.

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास नायलॉन मांजा. बंदी आहे, तरी विकला जातो. त्या पंधरवड्यात गळ्याभोवती जाड मफलर घट्ट गुंडाळावा. हेल्मेट सायकलला कायद्याने सक्तीचं नाही, तरी मुलाला घालायला लावावं.

पंक्चर आणि हवा

हवा किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. कमी हवेत चालवली की सायकल जड लागते आणि ट्यूब चिमटून पंक्चर होते. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये आत एक छोटी रबरी नळी असते. हवा सारखी कमी होत असेल आणि पंक्चर सापडत नसेल तर बहुधा ती नळी सडलेली असते. अगदी थोड्या पैशांत बदलून मिळते. पंक्चर काढायला मुलांना आणि मुलींना घरीच शिकवा. एक रविवार पुरतो.

अपघात झालाच तर

अल्लाह न करो, पण माहिती हवी. 112 किंवा 108 ला फोन. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना अडकवू शकत नाही, कलम 134-अ तसं संरक्षण देतं. मोटार वाहनाने झालेल्या अपघातातल्या जखमींना 2025 पासून योजनेतल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. सायकलवर होता म्हणून हक्क जात नाही.

धडक देणाऱ्या गाडीचा नंबर टिपा, फोटो काढा, आणि "किरकोळ आहे, मिटवून टाका" असं लोक म्हणाले तरी पोलिसांत नोंद करा. गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता येते; त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात शक्यतो सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेत गंभीर जखमीला 50,000 आणि मृत्यू झाल्यास वारसांना 2 लाख रुपये मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे चालतो. त्यासाठी एफआयआर, पंचनामा आणि दवाखान्याचे कागद लागतात. आपल्याकडे बरेच लोक एफआयआरच करत नाहीत आणि मग पुढचं सगळं अडतं.

मुलाच्या दप्तरात नाव, रक्तगट आणि दोन फोन नंबर लिहिलेलं कार्ड ठेवा. एक नंबर घरातल्या अशा माणसाचा, जो दिवसा फोन उचलतो.