आख्यान (कीर्तनातील)

नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात कीर्तनकार जी कथा सांगतो, तिला आख्यान अशी संज्ञा आहे. नमनानंतर पूर्वरंगात एखाद्या संताचे पद घेऊन त्यातील सिद्धान्ताचे निरूपण करावयाचे, मध्यंतरीच्या नामगजराने श्रोत्यांचे चित्त एकवटावयाचे आणि मग पुराणातील वा इतिहासातील कथेच्या दाखल्याने तोच सिद्धान्त त्यांच्या अंतःकरणात ठसवावयाचा, अशी या रचनेची तजवीज असते. एकटा कीर्तनकार निवेदकाची आणि सर्व पात्रांची भूमिका वठवितो. ओवी, आर्या, साकी, दिंडी, कटाव अशा रचनाप्रकारांनी कथेची गती पालटतो. आणि उत्कंठेच्या ऐन प्रसंगी नामघोष करवून श्रोत्यांस कथेत सामील करून घेतो. वारकरी कीर्तनात अभंगाच्या निरूपणास प्राधान्य असून आख्यानाचे कार्य तेथे बहुधा दृष्टान्त करतात. संत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) आपल्या कीर्तनांतून वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न पुसून, त्यांच्याच मुखातून उत्तरे वदवून घेत, अस्पृश्यता, कर्जबाजारीपणा व पशुहत्या यांवर प्रहार केले. लोकशिक्षणाचे साधन म्हणून कथनाचे सामर्थ्य किती थोर आहे, याचे त्यांची कीर्तने हे निर्विवाद प्रमाण होय.