पाठीतले पाणी

‘पाठीतले पाणी काढायचे आहे’ हे शब्द ऐकताच आपल्याकडे आजारी मुलाच्या आईचा धीर सुटतो. त्या पाण्याचा इतिहास आम्हांस वाचनाचा इतिहास वाटतो.

एडिंबरोचे वैद्य रॉबर्ट व्हाइट यांचा मेंदूतील जलसंचयावरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १७६८ साली, प्रसिद्ध झाला. अशा मुलांची नाडी आधी जलद, मग मंद व अनियमित आणि अखेरीस पुन्हा जलद होते, हे त्यांनी बारकाईने टिपले. आज आपण ज्याला क्षयजन्य मेनिंजायटिस म्हणतो, त्याचेच ते वर्णन. मात्र मेंदूतील पाणी त्यांना दिसे ते शवविच्छेदनातच.

१८९१ मध्ये जर्मनीत हाइनरिख क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून जिवंत रुग्णांचे ते पाणी काढल्याचे मांडले. या रुग्णांत मुलेही होती. पुढे त्यातील पेशी, प्रथिने आणि साखर यांवरून आजाराचे प्रकार ओळखता येऊ लागले. जिवाणूंच्या आजारात साखर बहुधा घटते, विषाणूंच्या आजारात सहसा घटत नाही. आता लॅक्टेटचे प्रमाण आणि जंतूंच्या जनुकांचा शोध यांचीही भर पडली आहे.

तरीही १९४४ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध जाहीर होईपर्यंत क्षयाच्या बाबतीत हे निदान म्हणजे मृत्यूची आगाऊ वार्ताच होती. औषध आले आणि निदानाला घाई आली. कारण उशीर झाला तर जीव वाचूनही बहिरेपण वा अपंगत्व मागे उरू शकते.

‘वाचणे’ या आपल्या क्रियापदाचे दोन्ही अर्थ येथे एकमेकांवर अवलंबून आहेत.