हृदयाला मीठ कळतं

आमच्या वऱ्हाडात काही गावांच्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की लगेच कळतं, आपण खारपाणपट्ट्यात आलो. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलाय. माती काळीभोर, खाली पाणीही आहे, पण खारं. शेताला देता येत नाही म्हणून मूग, तूर, कापूस, हरभरा सगळं पावसाच्या भरवशावर. प्यायला मात्र कित्येक पिढ्यांनी तेच पाणी वापरलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, डॉक्टर नाही. पण एक प्रश्न मला नेहमी पडायचा. पोटात जास्तीचं मीठ गेलं तर ते बाहेर काढ, असं किडनीला सांगतं कोण? उत्तर वाचून मी चाट पडलो. सांगणाऱ्यांत एक आहे आपलं हृदय. आणि हे माणसाला नीट कळायला १९८१ साल उजाडावं लागलं.

उशीर का झाला? १६२८ साली विल्यम हार्वेने दाखवून दिलं की हृदय रक्त ढकलतं आणि ते शरीरभर फिरून परत येतं. शोध एवढा पक्का होता की पुढची साडेतीनशे वर्षं हृदय म्हणजे पंप, विषय संपला.

१९५६ साली दोन खुणा सापडल्या होत्या. जर्मनी सोडून अमेरिकेत आलेल्या ब्रुनो किश यांना गिनीपिगच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांत बारीक गडद कण दिसले. असे कण सहसा हार्मोन साठवणाऱ्या ग्रंथींत असतात. त्याच वर्षी हेन्री आणि गावर यांनी प्रयोग छापला: कुत्र्याच्या हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात फुगा फुगवला की लघवी वाढते. पण पंपात ग्रंथी कोण शोधणार? या दोन गोष्टींची गाठ पडायला पंचवीस वर्षं गेली.

ती गाठ मारली अर्जेंटिनात जन्मलेल्या आणि कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये काम करणाऱ्या अडोल्फो द बोल्ड यांनी. पाणी आणि मीठ कमीजास्त झालं की ते कणही बदलतात, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. लघवी साधारण दहापट वाढली, तिच्यातून जाणारं सोडियम तीसपट वाढलं आणि रक्तदाब उतरला.

अर्कातला पदार्थ म्हणजे २८ अमिनो आम्लांची छोटी साखळी, एएनपी. रक्त वाढून कप्पा ताणला गेला की ती सुटते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करते, वाहिन्या रुंदावतात, दाब कमी होतो. किडनीला मीठपाणी बाहेर टाकायला लावते आणि मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनना आवर घालते. हृदयावरचा बोजा उतरतो. १९८८ साली जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत तिची बहीण बीएनपी सापडली. पुढे कळलं, तीही मुख्यतः हृदयातच बनते.

आज दम लागून आलेल्या पेशंटची एनटी-प्रोबीएनपी चाचणी करतात, ती याच शोधातून आली. थकलेलं हृदय हे हार्मोन भरपूर सोडतं, पण त्याचा असर पुरत नाही. बाहेरून बीएनपी टोचूनही बघितलं. २०११ सालच्या ७,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत खास फायदा दिसला नाही. मग विचार उलटा केला: हार्मोन तोडणारं एन्झाइमच अडवलं तर? ते काम करणारं सॅक्युबिट्रिल हे औषध वाल्सार्टनच्या जोडीने ८,४४२ रुग्णांवर तपासलं गेलं. २०१४ साली निकाल आला: जुन्या औषधापेक्षा मृत्यू कमी झाले.

पण या सगळ्या साखळीचं शेवटचं टोक किडनी आहे. हृदयाने कितीही हुकूम सोडले तरी किडनी खराब असेल तर मीठ आतच राहतं. खारपाणपट्ट्यातली गावं किडनीच्या आजारांची तक्रार कित्येक वर्षं करतायत. वान आणि शहानूर धरणांचं गोड पाणी नळाने पोचवायच्या योजना झाल्या. त्या पाइपात रोज पाणी असणं ही मला हृदयाच्या गोळीइतकीच महत्त्वाची गोष्ट वाटते. गोळी दवाखान्यात गेल्यावर मिळते. पाण्याचा घोट त्याच्या कितीतरी आधी घेतलेला असतो.