मात्रा

आमची आजी सहाणेवर बाळगुटी उगाळी, तेव्हा कोणत्या मुळीचे किती वेढे द्यायचे हे ती मुलाच्या तोंडाकडे पाहून ठरवी. मुलगा किरकिरा दिसला की एखादा वेढा जास्त. दुसरे माप तिला ठाऊक नव्हते.

माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये कामगार होते. सरकारी क्षेत्रातला देशातला हा पहिला औषधी कारखाना. १९५४ साली स्थापन झाला, १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. यंत्रे युनिसेफने दिली होती आणि तंत्रज्ञांची मदत जागतिक आरोग्य संघटनेची. पेनिसिलिन युनिटांत मोजतात, आणि लागू पडले तर दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. त्यामुळे आमच्या घरात एक कायदाच होऊन बसला : औषध खरे असेल तर आठवड्यात गुण दिसलाच पाहिजे. या कायद्याच्या जोरावर मी गेल्या दिवाळीत माझ्या मेहुण्याचा घातच करणार होतो.

मेहुणा चाकणला एका कारखान्यात मशीनवर असतो. एक आठवडा पहिली पाळी, एक दुसरी, एक रात्रपाळी. पावसाळ्यापासून त्याचे जेवण तुटले, झोप तुटली, बोलणे तर बंदच झाले. दसऱ्याच्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ बाईंनी दिलेली पहिली गोळी त्याने घेतली. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान करून फराळाला बसला, पण करंजी तशीच हातात. म्हणाला, "दाजी, अठरा दिवस झाले. काही फरक नाही."

मी मॅट्रिक झालेला मास्तर, कादंबऱ्याही लिहितो. म्हणजे प्रत्येक बाबतीत सल्ला देण्याचा मला दुहेरी अधिकार. मी म्हणालो, "मग दोन घे, नाहीतर बंद कर." त्याच्या ताईने मात्र, म्हणजे आमच्या मंडळींनी, भाऊबीज उरकताच त्याला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे नेले. मीही गेलो. परतल्यावर लाजेपोटी या गोळ्यांचा इतिहास वाचून काढला.

तो इतिहास स्वित्झर्लंडमध्ये सुरू होतो. १९५६ साली म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलांड कुन नावाचे डॉक्टर गायगी कंपनीचे एक नवे औषध तपासत होते. स्किझोफ्रेनियावर ते चालेल अशी आशा होती, ती फोल ठरली. मग त्यांनी ते खिन्नतेच्या रोग्यांना दिले, आणि गप्प बसून राहिलेली माणसे बोलू लागली. हेच ते इमिप्रमीन. १९५७ साली कुन यांनी चाळीस रोग्यांचा वृत्तांत छापला आणि झुरिचच्या परिषदेत निबंध वाचला. ऐकायला जेमतेम डझनभर मंडळी होती म्हणतात. त्यांची किमया, माझ्या मते, औषधाइतकीच धीराची होती. कुणाला थोड्या दिवसांत गुण येई, कुणाला तीन-चार आठवडे लागत, आणि तोवर हा गृहस्थ खाटेशी बसून पाहत राही. मेंदूतले रसायन पहिल्याच दिवशी हलते, मन मात्र आठवड्यांनी. त्यातही मळमळ, कोरडे तोंड हे त्रास आधी येतात आणि गुण मागाहून. रोग्याने गोळी भिरकावली तर नवल नाही.

मात्रा वाढली की गुण वाढतो, हा तर माझा दुसरा भ्रम. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेने वाढलेला रक्तदाब उतरतो हे जगापुढे मांडले. पुढे त्याच मुळीतून काढलेले रेसर्पिन मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेणाऱ्या काही जणांना खिन्नतेने ग्रासल्याचे १९५४ साली अमेरिकेत नोंदले गेले. या संबंधावर नंतर पुष्कळ वाद झाले. पण मोठी मात्रा म्हणजे मोठा गुण नव्हे, हे तेव्हाच कुणाच्या तरी ध्यानी आले होते. आजच्या गोळ्यांचेही तेच आहे. २०१९ साली अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा नेहमीच्या गोळ्यांचा गुण मध्यम मात्रेपर्यंत वाढतो आणि पुढे बहुतेक त्रासच वाढतो, असे निघाले.

मग ठरवायचे कसे? मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली सतरा कलमांची मोजपट्टी केली : झोप, भूक, कामातली गोडी, अपराधी वाटणे, मरणाचे विचार. २००६ साली निकाल आलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे चार हजार रोग्यांची मात्रा अशाच प्रश्नावल्यांच्या आधारे ठरवत गेले. पहिल्या औषधाने साधारण तिसरा हिस्सा लोक पूर्ण बरे झाले, आणि त्यांतल्या पुष्कळांना सहा आठवड्यांहून अधिक काळ लागला.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी तेच सगळे विचारले. मरणाचे विचार येतात का, हे तर माझ्यादेखत, सरळ शब्दांत. माझा जीव खाली-वर झाला. तो "आता नाही" म्हणाला. 'आता' या शब्दापाशी मी अडकून पडलो. मग बाईंनी विचारले, "गोळी रोज घेता?" तो खाली बघू लागला. रात्रपाळीच्या आठवड्यात राहून जाते. सकाळी घरी येऊन झोपायचे, उठायचे दुपारी. गोळी 'रात्री जेवल्यावर' लिहिलेली, आणि रात्री तो मशीनपाशी! अठरा दिवसांत जेमतेम अकरा गोळ्या पोटात गेल्या होत्या आणि मी त्याला दोन-दोन घ्यायला सांगत होतो.

बाईंनी मात्रा वाढवली नाही. पाळी कोणतीही असो, झोपून उठल्यावर पहिल्या चहाबरोबर गोळी, एवढेच सांगितले. "विचार फिरून आले तर दिवसाची वाट पाहू नका, लगेच फोन करा. नाहीतर आळंदीच्या यात्रेनंतर पाहू." दसऱ्यापासून कार्तिक वद्य एकादशी शेहेचाळिसावा दिवस, नियमाने गोळी सुरू झाली त्याला साडेतीन आठवडे. त्या भेटीत झोप सुधारली होती, भूक अर्धीमुर्धी आली होती, उदासी तशीच होती. तेव्हा मात्र बाईंनी गोळी दीडपट केली. संक्रांतीला त्याने तिळगूळ मागून घेतला.

चैत्रात तो म्हणाला, "आता बरा आहे, सोडतो." बाई नको म्हणाल्या. बरे वाटल्यावरही कित्येक महिने तीच मात्रा चालवायची, मग पायरीपायरीने उतरायचे. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, आणि दुखणे उलटण्याचे भय. या खेपेस मी तोंड उघडले नाही.

यंदा गौरी-गणपतीत बाईंनी मात्रा उतरवायला घेतली. गौरीजेवणाला आला तेव्हा त्याने चौथी पुरणपोळी घेतली आणि ताईला म्हणाला, "तूप कमी वाढलंस."