बंब, गिझर आणि कोयनेचे पाणी

दिवाळी जवळ आली, की सातारा-सांगलीकडच्या घरांत एक प्रश्न हटकून निघतो. गिझर बसवायचा तर गॅसचा की विजेचा? प्रश्न दुकानात जाऊन सोडवण्याजोगा वाटतो. पण त्याच्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक असला, तर निवड करणे सोपे जाते. म्हणून त्याविषयी थोडे बोलतो.

आपल्याकडे आधी चूल होती. स्वयंपाक चालू असतानाच वैलावर पाण्याचा हंडा तापायचा. मग ऐपत असलेल्या घरांत तांब्याचा बंब आला. मधोमध जाळाचे नळकांडे, त्याच्याभोवती पाणी आणि खाली तोटी. कढत पाणी घंगाळात घ्यायचे आणि वर विसण घालायचे. वखारीत खास बंबासाठी बारीक केलेली लाकडे मिळत. त्यांना 'बंबफोड' असेच नाव होते. मळ्यातल्या घरांना ती विकत घ्यावी लागत नसत. उसाची चिपाडे, मक्याची बुरकुंडे, गोवऱ्या, करवंट्या, जे हाताशी असेल ते बंबात जाई. पाणी फुकटात तापते असे पुरुष म्हणत. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून, डोळे चोळत बंब पेटवणारी आणि सणाआधी तो चिंच लावून लखलखीत घासणारी बाई मात्र हा हिशेब कधी मांडत नसे.

या बंबाची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तो सहसा परसदारी, पडवीत किंवा न्हाणीच्या बाहेर असे. जाळ आणि धूर मोकळ्यावर, अंघोळ आत. कोणी शास्त्र शिकवले नव्हते. धुराने डोळे चुरचुरत, एवढे कारण पुरेसे होते.

आता थोडे लंडनला जाऊ. तिथल्या बेंजामिन मॉघन नावाच्या रंगाऱ्याने 1868 साली गॅसवर पाणी तापवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. आइसलँडमधल्या उकळत्या पाण्याच्या झऱ्यावरून त्याने त्याला 'गिझर' हे नाव दिले. म्हणजे गिझर मुळात गॅसचाच. मात्र मॉघनच्या यंत्राला जळलेला वायू बाहेर नेणारे धुराडे नव्हते, आणि त्यामुळे ते धोक्याचे ठरले. ही त्रुटी पुढे दूर झाली, तरी त्यातला धडा आपल्यापर्यंत नीटसा पोचलेला नाही.

आपल्याकडे विजेची कथा कोयनेची आहे. पाटण तालुक्यात कोयनेवर धरण झाले आणि 1962 पासून वीजनिर्मिती सुरू झाली. आज या प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॉट आहे. शिवाजीसागराचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडतात, आणि त्याच्या उताराच्या जोरावर पोफळीला वीज तयार होते. विजेची मागणी एकदम चढते तेव्हा कोयनेचा मोठा आधार असतो, आणि सकाळची अंघोळीची वेळ ही अशा चढत्या मागणीचीच. बटण दाबले की पाणी तापते, पण त्यामागे दुसरे पाणी खर्च होते. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. पश्चिमेला गेलेला थेंब परत कृष्णेत येत नाही. खाली टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांवर दुष्काळी तालुके डोळे लावून बसलेले असतात. आणि ज्यांची गावे धरणाखाली गेली, त्यांना पुनर्वसनासाठी साठ वर्षांनंतरही आंदोलने करावी लागली. गरम पाण्याच्या बादलीत हेही आहे.

घरगुती गॅस आपल्या गावांत आला तो स्वयंपाकघरापुरता. जोडणीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबण्याचा तो काळ. अंघोळीला गॅस जाळणे ही चैन होती. पुढे सिलिंडर सहज मिळू लागला. 2005 नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने लोकांना बेजार केले. नेमकी सकाळची वीज जाई, विजेचा गिझर भिंतीवर शोभेला राही, आणि गॅस गिझरला गिऱ्हाईक वाढले. 2012 साली अनुदानित सिलिंडरच्या संख्येवर मर्यादा आली, तेव्हा तीच घरे पुन्हा हिशेब करू लागली.

तो हिशेब सोपा आहे. हिवाळ्यात वीस लिटरची एक बादली अंघोळीपुरती तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. एक किलो गॅस चांगल्या गिझरमध्ये सुमारे दहा युनिटांचे काम करतो. घरगुती सिलिंडर 14.2 किलोचा, म्हणून त्याच्या किमतीला 142 ने भागा. येणारा आकडा वीजबिलातल्या दराशी ताडून पाहा. मात्र सरासरी दर धरू नका. युनिट वाढतात तसा दराचा टप्पा चढतो. गिझरची वीज वरच्या टप्प्यात पडते, तेव्हा तोच दर धरा. छतावर ऊन असेल तर सौरबंब दोघांनाही मागे टाकतो. पण महाबळेश्वर-पाटणच्या पावसाळ्यात त्याला जोड लागतेच.

पैशाचा हिशेब इथे संपतो, जिवाचा राहतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालला, की हवेतला प्राणवायू कमी होतो, जळण अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, चक्कर येते, माणूस कोसळतो, आणि दाराला आतून कडी असते. दर हिवाळ्यात अशा बातम्या वाचायला मिळतात. धूर डोळ्यांत जाई, म्हणून जुन्या माणसांनी बंब बाहेर ठेवला. गिझरचा धूर दिसत नाही, म्हणून आपण त्याला आत घेतला.

तेव्हा गॅस गिझर घ्यायचाच असेल, तर तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि फक्त गरम पाण्याचा नळ आत आणा. तशी जागा नसेल, तर विजेचा घ्या, मग चार पैसे जास्त गेले तरी चालतील. त्याला अर्थिंग नीट हवे, गळती होताच वीज तोडणारे उपकरण हवे आणि दाब सोडणारी झडप चालू हवी. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षाराचा थर बसतो. तो वेळच्या वेळी काढून घ्या. आणि दुकानात किंमत विचारण्याआधी घरी जागा पाहून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)